पाच हजारांत पहिली गिटार: आधी तारांखालची फट मोजा

प्रश्न: माझी मुलगी नववीत आहे. वर्षभर गिटार हवी म्हणून मागे लागली आहे. सगळं मिळून पाच हजारांच्या वर आम्हाला जाता येणार नाही. ऑनलाइन 3,200 रुपयांत काळी, 38 इंची गिटार दिसते. सोबत बॅग, पट्टा, पिक, जादा तारा आणि शिकायचं पुस्तक. कोल्हापूरचा दुकानदार म्हणतो, घ्यायची तर नऊ हजारांची यामाहा घ्या, नाहीतर घेऊच नका. माझ्या भावाची जुनी, कोलकात्याच्या बनावटीची गिटार त्याच्या माळ्यावर पडून आहे, पण दाबताना बोटं कापतात असं तो म्हणतो. यजमानांच्या मते हे चार दिवसांचं वेड आहे. शिवाय मुलगी डावखुरी आहे. तिला वेगळी गिटार लागते का?
– एक आई, कराड

ताई,

पैसे कुठेही भरण्याआधी भावाला फोन करा आणि माळ्यावरची गिटार मागवून घ्या. तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य त्याचं आहे. 'बोटं कापतात' हे ऐकून तुम्ही ती गिटार मनातून बाद केली असेल. मला मात्र तिच्यात जीव आहे असं वाटतं. स्वस्त गिटारचं मुख्य दुखणं बहुतेक वेळा एवढंच असतं आणि ते काही शे रुपयांत बरं होण्यासारखं असतं.

लोक स्वस्त गिटारच्या आवाजाला नावं ठेवतात. आवाज बेताचा असतो हे खरंच. वरची फळी सबंध लाकडाची नसते, प्लायची असते, त्यामुळे ती मोकळी घुमत नाही. पण नववीतल्या मुलीला पहिलं वर्षभर त्याने काही बिघडत नाही. तिचं बिघडतं ते तारा फ्रेटपासून, म्हणजे गळ्यावर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांपासून, फार वर असल्या तर. या उंचीला गिटारवाले अ‍ॅक्शन म्हणतात. ती जास्त असली की तार दाबायला जोर लागतो, दाबताना तार ताणली जाऊन सूर चढतो आणि कॉर्ड, म्हणजे तारा दाबून एकत्र वाजवलेला सुरांचा मेळ, बरोबर धरूनही बेसूर वाजते. मग मूल म्हणतं, मला जमत नाही. घरातले म्हणतात, सांगितलं नव्हतं? यजमान म्हणतात त्या चार दिवसांमागे पुष्कळदा हीच फट असते. पोरीची हौस शाबूत असते, बोटं सोलपटलेली असतात.

कारखान्यातून निघतानाच स्वस्त गिटारची अ‍ॅक्शन जरा चढी ठेवलेली असते. एखादा फ्रेट किंचित वर आलेला असला आणि तारा खाली असल्या, की तार खर्रखर्र करते आणि गिऱ्हाईक माल परत पाठवतं. प्रत्येक फ्रेट घासून एका पातळीत आणायला मजुरी लागते. तीन हजारांच्या वस्तूत ती कोण घालणार? म्हणून तारा वर ठेवायच्या, म्हणजे खरखर नाही आणि तक्रारही नाही. नवं शिलाई मशीन घरी आणलं तरी टाका जुळवून घ्यावाच लागतो, तसंच हे. म्हणून पाच हजार सगळेच्या सगळे गिटारवर घालू नका. आठशे ते हजार रुपये तारा आणि सेटअपसाठी, म्हणजे गिटार नीट जुळवून घेण्यासाठी, बाजूला ठेवा, मग गिटार फुकटची असो, जुनी असो की कोरी.

आता भावाच्या गिटारकडे वळू. आधी ब्रिज बघा. पोटावर जिथे तारा अडकवलेल्या असतात, ती लाकडी पट्टी. तिच्या मागच्या कडेखाली वहीचा कागद सरकवून पाहा. कागद आत शिरला तर ब्रिज सुटायला लागला आहे. थोडासा सुटला असेल तर चांगला कारागीर तो काढून पुन्हा चिकटवतो. मात्र ब्रिजच्या मागे पोट फुगून वर आलं असेल, तर त्या गिटारवर पैसे घालू नका. मग गळा. डोक्याच्या बाजूने, एक डोळा मिटून, कडेकडेने पोटाकडे नजर टाका. गळ्याला तारांच्या दिशेने अगदी हलका बाक असतो आणि तो हवाच. बाक नजरेत भरण्याइतका असेल, किंवा गळा पिळल्यासारखा दिसत असेल, तर सावध व्हा. गळ्यात ट्रस रॉड म्हणजे पोलादी सळई असेल तर एलन कीने बाक कमी करता येतो, पण बऱ्याच जुन्या आणि स्वस्त गिटारींत ती नसते. पिळलेला गळा या बजेटमध्ये सरळ होत नाही. शेवटी डोक्यावरच्या, तारा ताणायच्या चाव्या फिरवून पाहा. थोड्या कुरकुरल्या तरी चालेल, पण फिरवल्यावर मागे घसरता कामा नयेत. अगदीच गेल्या असतील तर नवा संच बसवता येतो.

गंजलेल्या तारांवर मात्र कुठलाच निकाल देऊ नका. त्या काढून टाका आणि दुकानात 'दहाचा सेट' मागा, म्हणजे ज्यातली सगळ्यात बारीक तार 0.010 इंचाची असते. काही न सांगता मागितला तर बाराचाही हातात पडू शकतो. तो आवाजाला भरदार, पण कोवळ्या बोटांना कठीण. चांगल्या कंपनीचा सेट साधारण साडेतीनशे ते सहाशेत येतो. एक खबरदारी: भावाच्या गिटारला नायलॉनच्या तारा असतील, तर नव्याही नायलॉनच्याच घाला. नायलॉनसाठी बांधलेल्या गिटारवर स्टीलच्या तारा चढवल्या तर त्यांच्या ताणाने ब्रिज उखडून येऊ शकतो.

नव्या तारा सुरात लावून झाल्या की मोजमाप. स्टीलची, अगदी कडेपासून शून्य सुरू होणारी पट्टी घ्या. कंपासमधल्या प्लॅस्टिकच्या पट्टीला शून्याआधी कोरी जागा असते, तिने गणित चुकतं. डोक्याकडून मोजून बाराव्या फ्रेटवर पट्टी उभी टेकवा आणि सगळ्यात जाड तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर वाचा. दोन ते अडीच मिलिमीटर असेल तर उत्तम. तीनच्या पुढे गेलं की नवशिक्याची शिक्षा सुरू होते. चार असेल तर भावाची बोटं का कापत होती ते कळलंच. नायलॉनची गिटार असेल तर तीन-साडेतीनपर्यंत चालतं, तिच्या तारा मऊ असतात.

ही उंची उतरवायची जागा म्हणजे सॅडल, ब्रिजवर खोचलेली पांढरी पट्टी. ती बाहेर काढून खालच्या बाजूने सँडपेपरवर सपाट घासायची. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, म्हणून सॅडल एक मिलिमीटर घासलं की बाराव्या फ्रेटवर अर्धाच मिलिमीटर फरक पडतो. हे गणित लक्षात असलं की कारागीर 'झालं ताई' म्हणाला तरी तुम्हाला स्वतः मोजून बघता येईल.

दुसऱ्या टोकाला, चाव्यांच्या अलीकडे, तारा ज्या खाचांतून जातात तो नट. दुकानदार बाराव्या फ्रेटबद्दल बोलतात, नटबद्दल फारसं कुणी बोलत नाही, आणि नवशिक्याला तर नटच जास्त छळतो. पहिल्या सहा महिन्यांतल्या बहुतेक सगळ्या कॉर्ड, सी, डी, जी, ई मायनर, ए मायनर, पहिल्या तीन फ्रेटांतच असतात. नटच्या खाचा उथळ असल्या तर नेमक्या तिथेच तारा उंच राहतात. तपासायचं असं: दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे तार दाबून धरायची आणि पहिल्या फ्रेटवर किती फट उरते ते बघायचं. कागद जेमतेम सरकेल इतकीच हवी. जास्त असेल तर खाचा बारीक कानशीने किंचित खोल कराव्या लागतात. हे घरी करू नका. खाच केसभर जास्त उतरली तर मोकळी तार खरखरते आणि मग नवा नटच घालावा लागतो.

हे काम करणारा माणूस कराडमध्ये सापडला तर छानच. नाही तर कोल्हापूर किंवा पुण्यात वाद्यांच्या दुकानांतून विचारा. साधा सेटअप तीनशे ते सातशेच्या दरम्यान व्हायला हवा. मिरजही तुम्हाला लांब नाही. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते उगाच नाही. सतारीची घोडी, म्हणजे तिचा ब्रिज, घासून जवारी (तारेचा झंकार) काढणाऱ्या हातांना सॅडल घासणं अवघड नाही. गिटारचं काम घेतात का, एवढं आधी फोनवर विचारा, काही जण परक्या वाद्याला हात लावत नाहीत.

आणि कारागीर सापडेपर्यंत एक युक्ती. दीड-दोनशे रुपयांचा कॅपो आणा, म्हणजे गळ्यावर सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा. ट्यूनरचं, म्हणजे सूर बरोबर लागला का ते दाखवणारं, फुकट अ‍ॅप मोबाइलवर घ्या आणि सहाही तारा एक पूर्ण स्वर खाली उतरवा, म्हणजे जाडीकडून बारकीकडे ई-ए-डी-जी-बी-ई ऐवजी डी-जी-सी-एफ-ए-डी. मग दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावा. सूर पुन्हा मूळ पट्टीत येतात, पण तारांचा ताण उतरलेला असतो, नटची अडचण मधून निघून जाते आणि फ्रेटही जवळजवळ येतात. चौदा वर्षांच्या बोटांना हा फरक पहिल्याच दिवशी जाणवेल. पहिले दोन-तीन महिने असं वाजवलं तरी काही बिघडत नाही.

भावाची गिटार या परीक्षेत पास झाली, तर हजार-बाराशेत काम होईल आणि उरलेले पैसे तुमचे. वर्षभराने मुलगी वाजवत असेल, तर त्यांत भर घालून बरी गिटार घ्या. तेव्हा निवड तीच करील, कारण तिला काय हवंय ते कळायला लागलेलं असेल.

नापास झाली तर दुसरा पर्याय वापरलेली गिटार. तुमच्या गावात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि परीक्षा संपल्या की मे-जूनमध्ये होस्टेलं रिकामी होतात. शेवटच्या वर्षाची मुलं गाद्या, कूलर, सायकली विकतात, त्यांत गिटारीही असतात. यामाहाची एफ 280 किंवा एफ 310 चार हजारांच्या आसपास मिळून जाऊ शकते. कोल्हापूरच्या दुकानदाराचं म्हणणं अर्धं खरं आहे ते इथे. या गिटारी आवाजाने थोर नाहीत, पण एकीला झाकावी आणि दुसरीला काढावी इतक्या सारख्या निघतात, गळ्यात ट्रस रॉड असतो, आणि नको झाली तर पुन्हा विकताना बऱ्यापैकी किंमत येते. त्याचं उरलेलं अर्धं म्हणणं, 'नाहीतर घेऊच नका', ते सोडून द्या. नऊ हजार नाहीत म्हणून मुलीने वाट का पाहायची? आणि त्यासाठी हप्ते तर मुळीच बांधून घेऊ नका.

वापरलेली गिटार बघायला जाताना कागद, स्टीलची पट्टी आणि ट्यूनर अ‍ॅप असलेला मोबाइल न्या. कागद ब्रिजसाठी, पट्टी अ‍ॅक्शनसाठी. ट्यूनरने असं करा: तार मोकळी वाजवून सुरात लावा, मग तीच तार बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा. वरच्या सप्तकातला तोच सूर दिसला पाहिजे. काटा थोडा हलला तर हरकत नाही. सरळ पुढच्या सुराकडे पळाला तर ती गिटार कधीच सुरात वाजणार नाही. शिवाय प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकेकदा दाबून वाजवायला लावा, पाच मिनिटं लागतात. कुठे सूर मेला किंवा खर्र झालं तर भाव पाडा, किंवा सोडा. अंगावरचे ओरखडे आणि स्टिकर यांकडे बघूच नका. ते असले की भाव कमी होतो आणि वाजण्यात काही फरक पडत नाही.

आता तो 3,200 चा सेट. गिटार वाईटच असेल असं नाही. माझा राग त्या सोबतच्या पसाऱ्यावर आहे. बॅग पावसाच्या एका सरीत भिजते इतकी पातळ, जादा तारा बेताच्या, आणि पुस्तक बहुधा कुणी उघडत नाही. यादी लांबवायला या वस्तू बऱ्या पडतात, त्यांचे पैसे मात्र गिटारमधूनच कापलेले असतात. तेवढ्याच पैशांत नुसती गिटार मिळत असेल तर ती घ्या. पिक दहा-वीस रुपयांना सुटं मिळतं. 'पिकअप बसवलेली', म्हणजे स्पीकरला जोडता येणारी, या दरात घेऊ नका. स्टेजवर जाईपर्यंत तिला त्याचा उपयोग नाही, आणि त्या तुकड्याचेही पैसे तुम्हीच भरणार. रंग काळा हवा असेल तर काळा घ्या. रोज हातात घ्यावीशी वाटणं हीसुद्धा चौदाव्या वर्षी मोठी गोष्ट आहे.

ऑनलाइनच मागवायची झाली तर परत करण्याची मुदत किती ते आधी वाचा, खोकं उघडतानाचा व्हिडिओ करा आणि वर सांगितलेलं मोजमाप त्याच दिवशी उरका. आठवडाभर कोपऱ्यात ठेवून 'क्लास सुरू झाला की बघू' म्हणालात तर मुदत टळलीच.

मापाचं सांगायचं तर 38 किंवा 40 इंच हे गिटारच्या पूर्ण लांबीचं माप. तुमच्या मुलीच्या वयाला दोन्ही चालतात. 41 इंची, रुंद पोटाच्या गिटारवरून हात टाकताना लहान चणीच्या मुलांचा उजवा खांदा वर चढतो, म्हणून तेवढं एकदा मांडीवर घेऊन बघा. नायलॉन की स्टील? नायलॉन बोटांना मऊ, पण तिचा गळा नटपाशी 52 मिलिमीटरच्या आसपास रुंद, तर स्टीलवालीचा 43 च्या आसपास. छोट्या हाताला कॉर्ड धरायला अरुंद गळा बरा. तिला हिंदी-मराठी गाण्यांवर स्ट्रमिंग, म्हणजे सगळ्या तारांवरून हात फिरवत साथ, करायचं असेल (आणि नववीतल्या मुलांना बहुधा तेच करायचं असतं) तर स्टील घ्या.

क्लासबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. दर महिन्याची फी झेपत नसेल तर एखाद्या शिक्षकाकडे सुरुवातीला दोन-तीन वेळाच पाठवा. बसायचं कसं, अंगठा गळ्यामागे कुठे, मनगट किती वाकवायचं, हे व्हिडिओ बघून समजतं पण चुकलं तर व्हिडिओ सांगत नाही. पुढचं बरंच तिचं तिला जमेल. रोज पंधरा मिनिटं पुरेत. दोन-तीन आठवडे बोटांची टोकं दुखतील, मग कातडी घट्ट होते. अ‍ॅक्शन नीट असेल तर दुखणं एवढ्यावरच थांबतं, यजमानांनाही हे सांगून ठेवा.

पावसाळ्यात गिटार भिंतीला टेकवून किंवा खिळ्याला टांगून ठेवू नका, भिंतीची ओल लाकडात उतरते. आणि उन्हाळ्यात बंद गाडीत तर कधीच नको. ब्रिजचा डिंक उष्णतेने सुटतो.

राहिला डावखुरेपणा. नेहमीच्या गिटारवर कॉर्ड डावा हात धरतो आणि झंकार उजवा देतो. बोटांची बारीक कसरत सगळी गळ्यावर, म्हणजे तुमच्या मुलीचा हुशार हात आयताच तिथे येतो. डाव्या हाताने लिहिणारे कित्येक जण साध्या गिटारवर आरामात शिकतात. प्रसिद्ध रॉक गिटारवादक मार्क नॉफ्लर हा डावखुरा, पण आयुष्यभर उजव्या गिटारवर वाजवत आला. दुसरीकडे बीटल्सचा पॉल मॅकार्टनी डावीच वाजवतो, आणि रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स उजवी इलेक्ट्रिक गिटार उलटी धरून, तारा उलट्या लावून वाजवायचा. तेव्हा नियम नाही. कशासाठी ते तिला न सांगता बघा: आवडतं गाणं लागलं असताना हवेत गिटार वाजवायला सांगा, झंकार कुठला हात देतो? उजवा देत असेल तर विषय संपला. डावा देत असेल तरी महिनाभर मामाच्या किंवा कुणा मैत्रिणीच्या साध्या गिटारवर हात बसतो का ते पाहा, कारण डाव्या गिटारी दुकानात क्वचित दिसतात, जुन्या तर जवळजवळ मिळतच नाहीत, आणि पुढे कुणाच्या घरी, शाळेत, गॅदरिंगला समोर येईल ती गिटार उजवीच असेल.

महिन्यानंतरही हात उलटाच जात असेल, तर हट्ट नको, डावी मागवा. फक्त 'उजवीलाच तारा उलट्या लावून देतो' असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. जाड तारेची खाच रुंद असते, म्हणून नट नवा लागतो. बहुतेक अकूस्टिक गिटारींचं सॅडल सूर नीट जुळावेत म्हणून जरा तिरपं बसवलेलं असतं, ते उलटं पडतं आणि वरच्या फ्रेटांवर बेसूर वाजतं. डावी मागवताना बदलून देण्याची मुदत लिहून घ्या, हाताळून बघायला ती दुकानात बहुधा नसेल.